बाळगोळी

अभ्यासवर्गात मार्क्सची अफू आपल्या सगळ्यांना पाठ. खऱ्या अफूचं नाव कुणी काढत नाही. ती माझ्या आजीच्या तोंडात गेली, म्हणून हे लिहितोय.

आजीची आई मुंबईत गिरणीच्या वाइंडिंग खात्यात होती. 1934 च्या कायद्यानंतरही दिवस दहा तासांचा. भोंग्याआधी पोराला अफूची गोळी चाटवायची, झोळीत टाकायचं नि पळायचं. बाळगोळी म्हणायचे तिला. आजी सांगते, "मी रडायचीच न्हाई म्हणं. शेजारीण म्हणायची, लई गुणाची पोर."

अफूनं पोर गुणाचं होत नाही. भूक मरते, पोट साफ होत नाही, दूध ओढायचं भान राहत नाही. सवय लागली की गोळी वाढवावी लागते. जरा जास्त झाली की श्वास मंद होत होत थांबतो. आजीचा धाकटा भाऊ असाच झोळीत गेला.

डॉ. बार्न्स या बाईंनी सरकारसाठी गिरणीतल्या बायांची पाहणी केली. 1922 च्या त्यांच्या अहवालात आकडा आहे : शंभरातल्या 98 पोरांना अफू. वाचून माझ्या तोंडात पहिला शब्द आला, अडाणी आया. त्याची अजून लाज वाटते.

कारण अफूचं दुकान सरकारी परवान्याचं होतं. त्याआधीच्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. कंपनी सरकारनं तिच्यावर पट्टी खाल्ली, जमशेटजी जिजीभॉयसारख्या शेठांनी नफा. मुंबई त्या पैशावरही वाढली. मग गिरण्या आल्या, आणि अफू कामगारणीच्या झोळीपर्यंत आली.

28 जुलै 1928 ला बाबासाहेब कौन्सिलात बाळंतपणाच्या बिलाच्या बाजूनं उभे राहिले. आयांना उपदेश केला नाही. आईला विसावा मिळणं देशाच्या हिताचं आहे, त्याचा बोजा सरकारनंही उचलावा, असं मांडलं. 1929 ला कायदा झाला. पण तो थोड्या आठवड्यांचा. ते सरले की पोर पुन्हा झोळीत. खायची अफू 1959 पासून औषधापुरतीच ठेवली.

आता आमची सूतगिरणी. माझ्या शेजारच्या रिंग फ्रेमवरचा दोस्त कायम रातपाळीला. दिवसा पत्र्याच्या खोलीत झोप लागेना म्हणून कुत्ता गोळी, म्हंजे अल्प्राझोलाम, घ्यायला लागला. आधी अर्धी, मग चार. दारूवर घेतली तर हीसुद्धा श्वास दाबते. आम्ही मंडळाच्या पोरांनी त्याला विहारात उभं केलं, पंचशीलाची आठवण दिली, शपथ घ्यायला लावली. गड्यानं शपथ पाळली. गोळ्या एकदम बंद. तिसऱ्या रात्री फ्रेमखाली फिट येऊन पडला, डोकं फुटलं.

ही गोळी एकदम सोडायची नसते, डॉक्टरच्या सल्ल्यानं हळूहळू उतरवायची असते. आमच्यात कुणाला ठाऊक होतं? शपथ मीच सांगितली होती.

आता डॉक्टर मात्रा कमी करतोय. पण पाळी तीच. ती बदलून मागायला मंडळातलं अजून कुणी खात्याच्या साहेबाकडं गेलेलं नाही. दोस्तहो, सोमवारी मी जातोय. सोबत कोण येतंय?