रास्त मापाचा हातमोजा

क्वीन्सबरीच्या मार्क्विसच्या नावाने ओळखली जाणारी मुष्टियुद्धाची नियमावली १८६७ साली प्रसिद्ध झाली. ती लिहिली जॉन ग्रॅहॅम चेंबर्स याने. मार्क्विसने आपले नाव दिले. तिच्या बारा नियमांपैकी एकात हातमोजे रास्त मापाचे, उत्तम प्रतीचे आणि नवे असावेत असे सांगितले आहे. किती औंसांचे, ते मात्र सांगितलेले नाही. 'रास्त' म्हणजे किती, आणि कोणाच्या दृष्टीने? या एका विशेषणाभोवती मुष्टियुद्धाचा बराच इतिहास गोळा झालेला आहे, असे आम्हांला वाटते. प्रस्तुत लेखात त्याचाच मागोवा घ्यावयाचा आहे.

प्रथम आपल्याकडे पाहू. कंसाच्या रंगमंडपात बलरामाने ज्या मल्लाला मारले, त्याचे नावच मुष्टिक होते. भागवताच्या दशमस्कंधातील त्या प्रसंगी मथुरेच्या स्त्रिया सभेला दोष देतात तो कुस्तीबद्दल नव्हे. पर्वतप्राय मल्लांसमोर कोवळी मुले उभी केली, हा त्यांच्या मते अधर्म. म्हणजे जोड सम असावी ही अपेक्षा तेथे आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वराने रचलेल्या 'मानसोल्लासा'त मल्लविनोदाचे प्रकरण आहे आणि मल्लांचे वय व बळ पाहून त्यांचे वर्ग पाडले आहेत. प्राचीन मराठीच्या खुणांसाठी हा ग्रंथ आपण वाचतो. आखाड्याच्या इतिहासासाठीही तो वाचावयास हवा.

परंतु मनुष्य मोजला गेला तरी त्याच्या हातावर काय असावे, याचे उत्तर आपल्या परंपरेत वेगळेच मिळते. वज्रमुष्टी हे हाताचे आच्छादन नव्हे, शस्त्र होय. म्हैसूरच्या दसऱ्यात जेट्टी मल्ल बोटांच्या सांध्यांवर ते चढवून झुंजत, आणि पहिले रक्त दिसले की झुंज थांबे. बडोद्यात खंडेराव गायकवाडांच्या काळी, १८६० च्या दशकात, लुई रूस्ले या फ्रेंच प्रवाशाने हाताला शिंगाच्या नख्या बांधून होणारी मल्लांची झुंज पाहिली आणि तिच्या क्रौर्याचे वर्णन लिहून ठेवले. त्याच सुमारास लंडनमध्ये मऊ हातमोजा नियमबद्ध होत होता.

यावरून पौर्वात्य क्रौर्य आणि पाश्चात्त्य दया असा सोपा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. व्हर्जिलच्या 'एनीड'च्या पाचव्या सर्गात वृद्ध एंटेलस आखाड्यात जे हातपट्टे टाकतो, ते सात बैलांच्या कातड्यांचे, शिसे आणि लोखंड शिवलेले आहेत. ते पाहून तरुण डेरीस मागे सरतो. मग एनिअस दोघांसाठी सारख्याच मापाचे पट्टे आणवितो. आमच्या मते मुष्टियुद्धाच्या साहित्यातील हा सर्वांत महत्त्वाचा क्षण आहे, कारण झुंजीच्या आधी माप ठरते आणि ते ठरविणारा झुंजणारा नसतो. तरीही डेरीस रक्तबंबाळ होतो, आणि अखेर एनिअसलाच मध्ये पडावे लागते. सारखे माप म्हणजे सुरक्षित माप नव्हे, हेही व्हर्जिलला ठाऊक होते.

भरीव हातमोज्याचा जन्म झुंजीत झालेला नाही, तालमीत झाला. जॅक ब्रॉटन याने १७४३ साली झुंजीचे नियम केले, ते उघड्या मुठींसाठी. १७४७ साली त्याने लंडनच्या हेमार्केट भागात प्रतिष्ठितांना शिकविण्याची जाहिरात दिली, तेव्हा मात्र शिष्यांचे डोळे, जबडे आणि नाके शाबूत राहावीत म्हणून मऊ आवरणे वापरली जातील असे आश्वासन दिले. तालमीतला जोडीदार शत्रू नसतो. उद्या पुन्हा सरावाला तोच हवा असतो. आज सराव-लढतीचे हातमोजे स्पर्धेच्या हातमोज्यांहून जड असतात, त्यामागे हाच अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वीचा विचार आहे.

हे वजन औंसांत मोजतात. आठ औंस म्हणजे सुमारे २२७ ग्रॅम, सोळा औंस म्हणजे सुमारे ४५४. व्यावसायिक लढतींत साधारणतः हलक्या गटांना आठ आणि वरच्या गटांना दहा औंस, तर हौशी स्पर्धांत दहा किंवा बारा औंस चालतात. बॅगवरील सरावाला बहुधा दहा ते चौदा औंस पुरतात. जोडीदारासमोर उतरताना हलक्या अंगाच्या मुलाने चौदा आणि सत्तर किलोंच्या आसपास किंवा त्याहून जड असणाऱ्याने सोळा औंस घालावेत, असा सर्वसाधारण प्रघात आहे. मोजा निवडताना आधी हाताला पट्टी गुंडाळावी, मगच तो चढवून पाहावा. बोटांची टोके आत जेमतेम टेकावीत, मूठ विनासायास मिटावी, मनगट हलू नये. बॅगवर मारून मारून आतले भरण दबून कठीण होते. वजन तेवढेच राहते, संरक्षण उरत नाही. म्हणून बॅगचा जोड वेगळा आणि जोडीदारासाठीचा वेगळा. चेंबर्सच्या नियमातला 'नवे' हा शब्द उगाच आलेला नाही.

आपल्या इलाख्यात हा खेळ आला तो गोऱ्या पलटणींबरोबर, आणि तो रुजविण्यात शाळांचाही वाटा राहिला. १९२५ साली मुंबई इलाख्याची हौशी मुष्टियुद्ध संघटना स्थापन झाली. अखिल भारतीय महासंघ निघाला तो १९४९ साली. पुढेही सैन्य हीच मराठी मुलांची या खेळातली मोठी वाट राहिली. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये जलतरणाचे सुवर्णपदक मिळविणारे सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर मूळचे सैन्यातले मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धातील गोळ्यांनी त्यांचा तो खेळ संपविला.

आज मुरबे-सातपाटीच्या किनाऱ्यावरचा एखादा मुलगा बोईसरला जाऊन हा खेळ शिकू लागला, तर जाळी आणि दोर ओढून राठ झालेल्या आपल्या हातांना जाड मोज्याची गरज नाही असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. तालमीत जोड कमी आणि मुले जास्त असली की जुनाट, दबलेले मोजे फिरत राहतात, आणि धाकट्याच्या वाट्याला थोरल्याचे हलके मोजे येतात. येथेच 'रास्त' या शब्दाचा खरा अर्थ लागतो. हातात घातलेला मोजा बव्हंशी समोरच्याच्या चेहऱ्यासाठी असतो. त्याचे माप आपल्या हाताच्या राठपणावर ठरत नाही.

इतके असूनही हातमोज्यावर फार विसंबून चालणार नाही. उघडी मूठ कवटीवर आपटली तर हाताचीच हाडे मोडतात, म्हणून जुने योद्धे डोक्यावर जपून मारीत. मोज्याने मूठ वाचविली आणि डोके मोकळे केले. १९२८ साली हॅरिसन मार्टलंड या अमेरिकन वैद्याने मार खाऊन खाऊन मेंदू बधिरलेल्या मुष्टियोद्ध्यांविषयी निबंध लिहिला, तेव्हा हे सारे हातमोज्यांतच झुंजले होते. त्वचा फाटत नाही, रक्त दिसत नाही, म्हणून झुंज लांबते. जेट्टींची झुंज पहिल्या रक्ताला थांबे. मोज्याने ती खूणच पुसून टाकली.

तेव्हा माप दोन ठिकाणी लागते: मोज्यात आणि थांबविणाऱ्याच्या नजरेत. पहिले दुकानात मिळते. दुसऱ्यासाठी तालमीत एनिअससारखा कोणी असावा लागतो, आणि शिकविणाऱ्याने ते काम जोडीदारांच्या उत्साहावर सोपवू नये.