जुनं शीड मंद वाऱ्यात पुन्हा चालेल का?

वाऱ्याच्या दिशेने तिरकं जाताना होडीचं शीड विमानाच्या पंखासारखं काम करतं. त्यामुळे त्याचा आकार महत्त्वाचा.

१९५० च्या दशकापासून सुती शिडांची जागा डॅक्रॉन, म्हणजे पॉलिएस्टरचं कापड, घेऊ लागलं. ते टिकाऊ असतं, पण वर्षानुवर्षांच्या ताणाने सैलावतं. शिडाचा फुगवटा वाढतो आणि मागे सरकतो. जास्त फुगलेलं शीड मंद वाऱ्यात चांगलं, हा समज इथे चुकतो. वारा अगदीच पडला की हवा खोल वळणाला धरून वाहत नाही, शिडापासून सुटते आणि होडी रेंगाळते.

मग काय करतात?

• धुणं: मीठ ओलावा धरून ठेवतं आणि शीड जड होतं. गार, गोडं पाणी आणि सौम्य साबण पुरे. वॉशिंग मशीन नको.
• कडेचा दोर: पुढच्या कडेत शिवलेला दोर आखडला की कड पूर्ण ताणली जात नाही. त्याचं टोक सोडवून पुन्हा शिवतात.
• शिवण: उन्हाने बहुधा कापडाआधी दोरा कुजतो. वेळीच दुहेरी शिवण मारतात.
• फेरकापणी: शिडं शिवणारा कारागीर जोड उसवतो आणि जादा कापड आत घेतो.
• ओढायचा दोर: मंद वाऱ्यासाठी बारीक दोर लावतात. जाड, ओला दोर शिडाचा कोपरा खाली ओढतो.

कापड शिवणीच्या भोकांपाशी टरकत असेल, तर मात्र खर्च वाया जातो. फेरकापणीने आकार परत येतो, कापडाची ताकद नाही.