राजाबाई टॉवर आणि परीक्षेचं दार



मुंबईत ओव्हल मैदानाजवळून जाताना राजाबाई टॉवर दाखवून आपण मुलांना एक गोष्ट हमखास सांगतो. शेठ प्रेमचंद रायचंद यांच्या आई राजाबाईंना दिसत नसे आणि चौविहाराचा नियम तर कडक. सूर्य मावळायच्या आत जेवण व्हावं, दर वेळी कुणाला विचारावं लागू नये, म्हणून लेकानं घड्याळाचा टॉवर बांधून दिला. टोल ऐकून आई पानावर बसायची. (सूर्यास्त रोज पुढेमागे होतो. तेव्हा मिनिटांचा हिशेब सुनांनाच ठेवावा लागत असणार, हे आपल्याला सांगायला नको!) पण मला हा टॉवर बघून आठवतं ते वेगळंच.

आधी पैसा कुठून आला ते पाहू. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, त्यामुळे आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. मूळचे सुरतेचे प्रेमचंद शेठ या बाजाराचे राजे. 1864 साली त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि आईच्या नावाच्या टॉवरसाठी दोन लाख रुपये दिले. पुढच्याच वर्षी युद्ध थांबलं, भाव कोसळले, शेअर रद्दी झाले. शेठही बुडाले, पण दान आधीच देऊन झालं होतं. 1869 साली पाया घातला गेला आणि 1878 साली 280 फुटांचा टॉवर पुरा झाला.

आता मधलं 1875 साल बघा. टॉवरचं काम चालू असताना बेळगावच्या एका पारशी गृहस्थांनी आपल्या मुलीला मॅट्रिकला बसू द्या, असा अर्ज विद्यापीठाकडे केला. उत्तर आलं, नाही. नियमांत विद्यार्थी म्हणजे ‘तो’ असंच लिहिलेलं होतं. ज्या विद्यापीठाच्या आवारात एका श्राविकेच्या नावाचा मनोरा चढत होता, तिथेच मुलीला परीक्षेला बसायची सोय नव्हती. पैसा होता, इमारत होती, हुशार मुलगीही होती. अडलं ते एका सर्वनामावर. ‘तो’ म्हणजे ‘ती’सुद्धा, हे विद्यापीठानं मान्य केलं 1883 साली. टॉवर पुरा होऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. पुढे नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी या विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या.

आणि आपल्या घरांत? 1885 पासून सोलापूरहून ‘जैन बोधक’ मासिक निघू लागलं, म्हणजे मराठीत छापलेला धर्मविचार वाचायला मिळू लागला. पण ज्या बाईला अक्षरओळखच नाही, तिनं तो वाचायचा कसा? दानशूर शेठ लोकांची पहिली वसतिगृहं निघाली ती मुलांसाठी. दानवीर माणिकचंद झवेरींनी मात्र तरुणपणीच वैधव्य आलेल्या आपल्या लेकीला, मगनबाईंना, कोपऱ्यात बसवलं नाही, शिकवलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच मगनबाईंनी मुंबईत श्राविकाश्रम काढला. तिथे विधवा आणि निराधार बायका अक्षरं गिरवू लागल्या, शास्त्र वाचू लागल्या, आणि शिकून दुसऱ्या गावी शिकवायलाही जाऊ लागल्या.