ट्रक एकाचा, परवाना दुसऱ्याचा

खंडाचा व्यवहार म्हटला म्हणजे त्यात देणारा प्रबळ आणि घेणारा दुबळा, अशी कल्पना सामान्यतः मनात येते. जमीनदार आणि कूळ, घरमालक आणि भाडेकरू ही त्याची नित्याची उदाहरणे होत. अमेरिकेतील मालवाहतुकीच्या इतिहासात मात्र या नात्याची उलटापालट झालेली दिसते. तेथे ट्रक भाड्याने देणारा हा बहुधा एकटा चालक असतो आणि तो घेणारी वाहतूक कंपनी त्याच्याहून कितीतरी बलाढ्य असते.

या नात्याचे मूळ १९३५ च्या मोटार कॅरिअर कायद्यात आहे. मंदीच्या काळात कोणीही ट्रक घ्यावा आणि मिळेल त्या दराने माल न्यावा, अशी स्थिती होती. रेल्वेवर देखरेख ठेवण्यासाठी १८८७ साली स्थापन झालेल्या आंतरराज्य वाणिज्य आयोगाकडे या कायद्याने ट्रकवाहतुकीचेही नियमन सोपविले. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात भाड्याने माल नेण्यास परवाना लागू लागला. आधीपासून धंद्यात असलेल्यांना तो मिळाला; नवख्याला मात्र आपल्या सेवेची लोकांना गरज आहे, हे सिद्ध करावे लागे. शेतमालाला सूट होती. त्यामुळे एकट्या ट्रकवाल्याने फळे-भाजीपाला शहरात पोहोचविला, तरी परतताना कारखान्याचा माल भरण्याची त्याला मुभा नसे. रिकामी फेरी टाळायची तर एकच वाट उरे : परवानाधारक कंपनीला गाडी भाड्याने द्यावयाची आणि तिच्या परवान्यावर ती स्वतःच हाकावयाची.

परंतु अपघात झाल्यास जबाबदार कोण? गाडी आपली नव्हे असे कंपनी म्हणे, तर माल कंपनीचा असे चालक म्हणे. यास्तव आयोगाने १९५१ साली नियम केले. करार लेखी हवा, त्याची मुदत किमान तीस दिवस हवी आणि त्या काळात गाडीचा ताबा व जबाबदारी कंपनीची असावी, हे त्यांतील मुख्य कलम. कंपन्यांनी त्यांस आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने १९५३ साली ते नियम उचलून धरले.

या नियमांनी जनतेला संरक्षण मिळाले, चालकाला मात्र ते पुरेसे मिळाले नाही. भाडे किती ठरले आणि त्यातून विमा, इंधन, अनामत यांपोटी किती कापले गेले, याचा उलगडा त्याला पुष्कळदा होत नसे. १९७३ च्या तेलटंचाईत इंधन महागले आणि डिसेंबरात संतप्त ट्रकमालकांनी अनेक राज्यांतील महामार्ग रोखून धरले. आयोगाने १९७९ साली केलेल्या नव्या नियमांत त्यांच्या तक्रारींचे प्रतिबिंब उमटले. मोबदला करारात स्पष्ट नमूद करावा. माल पोचविल्याची कागदपत्रे दिल्यापासून पंधरा दिवसांत तो चुकता करावा. प्रत्येक कपातीचा हिशेब द्यावा. अनामत रकमेवर व्याज द्यावे आणि करार संपल्यावर पंचेचाळीस दिवसांत ती परत करावी. कंपनीकडूनच वस्तू विकत घेण्याची सक्ती करू नये, अशी ही कलमे होती.

१९८० च्या कायद्याने परवान्याची भिंत बरीच खाली आली आणि १९९५ च्या अखेरीस आयोगही संपुष्टात आला. नियम मात्र टिकले, आणि करारभंगाबद्दल न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग कायद्याने खुला ठेवला. स्वतःचा परवाना मिळविणे आता सुलभ असले, तरी विम्याचा खर्च आणि मालाचा नित्य पुरवठा या अडचणींमुळे अनेक ट्रकमालक आजही कंपनीच्या छत्राखाली राहतात. त्यांच्या गाडीवर कंपनीचे नाव व नोंदणी क्रमांक झळकतो, कराराची प्रत गाडीत ठेवावी लागते. व्यावसायिक चालक-परवाना आणि वैद्यकीय प्रमाणपत्र मात्र चालकाने स्वतः मिळवावयाचे असते. सलग दहा तासांच्या विश्रांतीनंतर त्याला अधिकाधिक अकरा तास गाडी चालविता येते आणि २०१७ च्या डिसेंबरपासून बहुतेक गाड्यांत ही नोंद विद्युत-यंत्रच ठेवते.

ज्याच्या नावाने गाडी धावते त्याने तिच्या दोषाचे ओझे उचलावे, आणि ज्याच्या श्रमाने ती धावते त्याला आपला हिशेब वाचता यावा, एवढेच या दीर्घ नियमावलीचे सार आहे. पहिले तत्त्व १९५१ साली मान्य झाले. दुसऱ्याला आणखी अठ्ठावीस वर्षे वाट पाहावी लागली.