खोक्यातील रिकामी जागा

संगणकाच्या ज्या पत्र्याच्या खोक्याला आपण सर्रास 'सीपीयू' म्हणतो, ते खोके म्हणजे सीपीयू नव्हे. सीपीयू ही त्या खोक्याच्या पोटात, पंख्याखाली दडलेली, काडेपेटीएवढी चकती. पण आर्णीपासून मुंबईपर्यंत कोणत्याही कार्यालयात 'सीपीयू टेबलाखाली ठेवा' असे सांगितले, तर कोणी प्रोसेसर उपटून टेबलाखाली ठेवत नाही. काव्यशास्त्र शिकवताना लक्षणेचे उदाहरण म्हणून आम्ही 'गंगायां घोषः' हे वाक्य देतो. गवळ्यांची वस्ती गंगेच्या प्रवाहात असू शकत नाही, म्हणून 'गंगा' या शब्दाचा अर्थ 'गंगेचा काठ' असा घ्यावा लागतो. 'सीपीयू' या शब्दाचेही तसेच झाले. आत राहणाऱ्याचे नाव घराला मिळाले. दुकानदार मात्र काटेकोर असतो, तो या खोक्याला 'कॅबिनेट' म्हणतो. मीही पुढे तोच शब्द वापरतो.

हा विषय निघाला तो एका अडचणीतून. माझे जुने कॅबिनेट अडतीस लिटरचे होते. (कॅबिनेटचे आकारमान दुधातेलासारखे लिटरमध्ये सांगतात.) गेल्या मे महिन्यात एका दुपारी ते बंद पडले. उघडून पाहिले तर पॉवर सप्लायच्या पंख्यात सरकीचे बारीक तंतू आणि धूळ यांचा नमदा बसला होता. पंखा अडकला, सप्लाय जळला. त्या यंत्राच्या हार्ड डिस्कमध्ये आर्णी परिसरातील वृद्ध बायकांकडून काही वर्षे ध्वनिमुद्रित केलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. त्या गाणाऱ्यांपैकी काही जणी आता हयात नाहीत. दुकानातील मुलाने डिस्क काढली, आपल्या यंत्राला दोन तारांनी जोडली आणि पाच मिनिटांत ओव्या ऐकू आल्या. मी सुटकेचा श्वास टाकला. मग नवे कॅबिनेट घ्यायचे ठरले. घरातील अभ्यासिका म्हणजे खिडकीजवळचा एक कोपरा, तेव्हा ते लहान हवे होते. लहान म्हणजे किती, या प्रश्नाचे उत्तर शोधताना लक्षात आले, की संगणकाच्या खोक्याचा इतिहास हा बहुतांशी त्यातील रिकाम्या जागेचा इतिहास आहे.

१९७७ साली 'ॲपल टू' हा संगणक बाजारात येण्यापूर्वी त्याच्या दोन निर्मात्यांत एक वाद झाला. यंत्राच्या आत नवी कार्डे बसवण्यासाठी किती खाचा, म्हणजे स्लॉट, ठेवायचे? स्टीव्ह जॉब्स यांच्या मते दोन पुरे होते, एक छपाईयंत्रासाठी आणि एक मोडेमसाठी. स्टीव्ह वॉझ्नियाक आठांवर अडून बसले. ग्राहक उद्या काय जोडील हे आज आपल्याला कळणार नाही, असा त्या हट्टाचा अर्थ होता. वॉझ्नियाक यांचे म्हणणे राहिले. पुढे १९८४ साली मॅकिन्टॉश आला तो मात्र जॉब्स यांच्या मनासारखा होता. सुबक, लहान, आत पंखा नाही, एकही स्लॉट नाही, आणि उघडायचा तर लांब दांड्याचा खास पेचकस लागे. कौतुकाचा विषय झालेले ते यंत्र मालकालाही बंद होते.

या दोन टोकांच्या मध्ये, १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला. पत्र्याचे सुमारे अठ्ठावीस लिटरचे आडवे खोके आणि आत पाच स्लॉट. आयबीएमने त्याच्या मंडलांच्या आकृत्या पुस्तकरूपाने उपलब्ध करून दिल्या होत्या. त्यामुळे इतरांना त्यासाठी कार्डे बनवता आली, आणि काही वर्षांतच अख्खे संगणकही. नक्कल करणाऱ्यांनी केवळ विद्युतमंडलांची नक्कल केली नाही. १९८३ च्या एक्सटी आणि १९८४ च्या एटी या यंत्रांतील स्लॉटमधील अंतरे आणि स्क्रूची भोकेसुद्धा त्यांनी उचलली. अशा तऱ्हेने कोणीही न ठरवलेले एक मानक तयार झाले. इंटेलने १९९५ मध्ये त्याला 'एटीएक्स' या नावाने शिस्त लावली. मदरबोर्ड ३०५ गुणिले २४४ मिलिमीटर, भोके अमुक ठिकाणी, मागची चौकट अमुक मापाची. तीस वर्षे होऊन गेली, तरी हे माप टिकून आहे. त्या काळातल्या एटीएक्स कॅबिनेटमध्ये आजचा मदरबोर्ड सहसा बसतो. इतक्या वेगाने जुन्या होणाऱ्या या व्यवसायात ही गोष्ट विलक्षणच म्हटली पाहिजे.

मराठी वाचकाला या स्लॉटांशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुण्यात आहे. १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने 'जिस्ट' नावाचे एक कार्ड तयार केले. त्यामागचे संशोधन कानपूरच्या आयआयटीत सुरू झाले होते, आणि मोहन तांबे यांचे नाव त्याच्याशी निगडित आहे. त्या काळच्या डॉस प्रणालीवरील संगणकाला देवनागरीचा गंधही नव्हता. त्याच्या पडद्यावर इंग्रजी अक्षरे ठरावीक चौकटींत उमटत. यंत्र उघडायचे, एका रिकाम्या स्लॉटमध्ये जिस्टचे कार्ड रोवायचे आणि झाकण लावायचे, की त्याच यंत्रावर आणि त्याच इंग्रजी प्रोग्रॅममध्ये देवनागरी व इतर भारतीय लिप्या लिहिता-वाचता येऊ लागत. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे संकेतमानक स्वीकारले. त्याच्याच १९८८ च्या रूपावरून युनिकोडमध्ये देवनागरीची मांडणी झाली. विंडोज २००० पासून देवनागरी प्रणालीतच आली आणि कार्डाची गरज संपली.

म्हणजे आपली लिपी वैयक्तिक संगणकात शिरली ती कॅलिफोर्नियात किंवा फ्लोरिडात कोणी तिची आठवण ठेवली म्हणून नव्हे. यंत्र बनवणाऱ्याने एक जागा रिकामी सोडली होती, आणि पुण्यातल्या माणसांनी ती भरली. ती जागा नसती तर आपल्याला दुसऱ्याच्या मर्जीची वाट पाहावी लागली असती. वॉझ्नियाक यांच्या हट्टातले शहाणपण मराठीला असे अप्रत्यक्षपणे लाभले.

आमच्या पिढीला संगणक दिसला तो याच मानकाच्या कृपेने. २००१ मध्ये एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला आणि तालुक्या-तालुक्यांत संगणककेंद्रे उघडली. तिथल्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागत. आत बेज रंगाची उभी कॅबिनेटे ओळीने मांडलेली असत आणि रात्री त्यांच्यावर कापडी खोळी चढवल्या जात. त्यांतली बहुतेक यंत्रे 'असेम्बल' केलेली होती. बोर्ड एकाचा, डिस्क दुसऱ्याची, कॅबिनेट तिसऱ्याचे, आणि जुळवणी नागपूर, अमरावती किंवा यवतमाळच्या एखाद्या दुकानातली. भारनियमनाच्या त्या वर्षांत सप्लाय जळणे ही नवलाई नव्हती. जळला तर चार स्क्रू काढून दुसरा बसवला जाई. यवतमाळ येथून चाळीसएक किलोमीटर आहे, संध्याकाळच्या एसटीने सप्लाय येत असे. ज्या गावात कोणत्याही कंपनीचे सेवाकेंद्र नव्हते, त्या गावात संगणक टिकला तो भोकांच्या जागा सर्वत्र सारख्या होत्या म्हणून.

आता लहानपणाच्या इतिहासाकडे वळू. तो दोन वाटांनी गेला. पहिली वाट मापच सोडून देण्याची. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या बसक्या यंत्रांत कार्डे आडवी बसवून उंची कमी केली जाई. पण प्रत्येक उत्पादकाची मांडणी थोडी निराळी असल्याने एकाचा बोर्ड दुसऱ्याच्या खोक्यात बसेलच असे नसे. २००० साली ॲपलने 'जी-फोर क्यूब' आणला. पारदर्शक आवरणातला तो घन पंख्याविना, केवळ वर चढणाऱ्या गरम हवेवर थंड राहत असे. दिसायला अप्रतिम, पण विकला गेला नाही, आणि वर्षभरात त्याचे उत्पादन थांबले. २००५ चा 'मॅक मिनी' जेमतेम दीड लिटरचा होता. २०१३ च्या सुमारास इंटेलने तळहातावर मावेल असा 'नक' आणला आणि २०२३ मध्ये त्यातून अंग काढून तो व्यवसाय आसूसकडे सोपवला. ही यंत्रे वाईट नाहीत, पण त्यांतला बोर्ड त्या खोक्यापुरताच असतो. तो गेला की खोके रिकामा डबा होतो.

दुसरी वाट मापाच्या आत राहून लहान होण्याची. १९९७ च्या अखेरीस आलेल्या 'मायक्रो-एटीएक्स'ने बोर्डाची उंची कापून तो २४४ मिलिमीटरचा चौरस केला. सात स्लॉटांचे चार झाले, पण भोके जुन्या मापातलीच राहिली. २००१ मध्ये तैवानच्या व्हिया कंपनीने 'मिनी-आयटीएक्स' हा १७० मिलिमीटरचा चौरस आणला. त्यात स्लॉट एकच, पण भोके पुन्हा तीच. त्याच वर्षी तैवानच्याच शटल कंपनीची बुटाच्या खोक्याएवढी यंत्रे आली. २०१० नंतरच्या दशकात तर जर्मनीच्या डॅन केसेसने ७.२ लिटरच्या खोक्यात पूर्ण आकाराचे ग्राफिक कार्ड बसवून दाखवले. ही कारागिरी थक्क करणारी आहे.

पण ही कारागिरी आर्णीत आणून ठेवली की तिची परीक्षा बदलते. कॅबिनेटच्या चाचण्या वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत घेतल्या जातात. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर पारा चव्वेचाळीसपर्यंत चढतो आणि कूलर बंद असला तर खोलीतच चाळीस-बेचाळीस अंश असतात. इथे विदर्भातला कोणताही माणूस जे जाणतो तेच कामाला येते. कूलर म्हणजे पंखा बसवलेला पत्र्याचा डबाच. खोलीची दारे-खिडक्या लावून तो चालवला, तर काही वेळाने नुसती दमट घुसमट होते. समोरची खिडकी किलकिली ठेवली, तरच गारवा जाणवतो. हवेला आत येण्याइतकीच बाहेर जाण्याचीही वाट लागते.

कॅबिनेटचा हिशेब याहून वेगळा नाही. आतले भाग मिळून दोनशे वॅट उष्णता देत असतील आणि पंखे सेकंदाला वीस लिटर हवा बाहेर काढत असतील, तर ती हवा खोलीपेक्षा सुमारे नऊ अंशांनी तापून बाहेर पडते. म्हणजे वीस लिटरच्या कॅबिनेटमधील सगळी हवा दर सेकंदाला बदलायला हवी. धुळीने वाट निम्मी बुजली, तर नऊचे अठरा होतात. बेचाळीस अधिक अठरा, साठ अंश. अशा हवेने प्रोसेसर थंड करायचा म्हणजे तापल्या तव्यावर फुंकर घालण्यासारखे. प्रोसेसर जळत नाही, तो स्वतःचा वेग कमी करून जीव वाचवतो. पण सप्लाय आणि डिस्क यांना ती सोय नसते. शिवाय कापसाचा हा प्रदेश. हंगामात जिनिंगचे तंतू हवेत तरंगतात आणि जाळीच्या प्रत्येक छिद्रावर बसतात. खोके जितके लहान तितकी छिद्रे कमी, आणि ती बुजायला लागणारा वेळही कमी.

नव्या खरेदीसाठी ओळखीच्या दुकानात गेलो, तेव्हा काचेत एक दहा लिटरचे देखणे कॅबिनेट मांडलेले होते. मी ते हातात घेतलेले पाहून दुकानदार म्हणाला, "सर, दिसाले लय चांगलं हाय, पण याचा सप्लाय लहान मापाचा येते. जळला त यवतमाळात भेटन का नाही, सांगता येत नाही." मी कूलरचे आणि भोकांचे जे काही वाचून ठेवले होते, त्याचा सारांश त्याने दोन वाक्यांत सांगितला. त्या कॅबिनेटमध्ये मिनी-आयटीएक्स बोर्ड बसत होता आणि तो मापातला होता. अडचण सप्लायची होती. 'एसएफएक्स' या मापाचा सप्लाय १२५ मिलिमीटर रुंद, तर नेहमीचा एटीएक्स सप्लाय १५० मिलिमीटर रुंद. अडीच सेंटिमीटरच्या बचतीसाठी, अडल्या वेळी नागपूर गाठायची तयारी ठेवावी लागली असती.

शेवटी घेतले ते सुमारे पंचवीस लिटरचे मायक्रो-एटीएक्स कॅबिनेट. पुढे काच नाही, सगळी जाळी. त्या जाळीमागे काढून धुता येईल अशी गाळणी. पुढे दोन पंखे, मागे एक. सप्लाय नेहमीच्या मापाचा. जुन्या कॅबिनेटपेक्षा ते तिसऱ्या हिश्शाने लहान आहे आणि टेबलाच्या कोपऱ्यात मावते. दहा लिटरच्या मोहापुढे ते थोडे ओबडधोबड दिसते हे खरे. त्यातले तीन स्लॉट आज रिकामे आहेत, आणि देवनागरीला आता कोणत्याही कार्डाची गरज उरलेली नाही.

तरीही ते रिकामे असणे मला वाया गेल्यासारखे वाटत नाही. उद्या तिथे काय लागेल हे मला ठाऊक नाही, आणि १९८१ साली आयबीएमलाही ते ठाऊक नव्हते. जुनी डिस्क नव्या कॅबिनेटमध्ये त्याच दोन तारांनी जोडली गेली. आता दर पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी गाळणी काढून नळाखाली धुतो, गच्चीवर वाळवतो आणि परत बसवतो. तोवर यंत्र बंद असते. मग ते सुरू करून राहिलेल्या ओव्या उतरवून घ्यायला बसतो.