कारगिलचा कापूस

१९९९च्या दिवाळीत कल्याणच्या आमच्या चाळीत दोन किल्ले झाले. एक नेहमीचा: विटा, गोणपाट, लाल माती, वर पेरलेले हळीव आणि सिंहासनावर शिवाजीराजे. त्याच्या शेजारी पोरांनी आणखी एक डोंगर उभा केला. तो टायगर हिल. पायथ्यापासून शेंड्यापर्यंत कापसाने मढवलेला. त्याआधी गणपतीतही ठाणे-डोंबिवलीत जे कारगिलचे देखावे पाहिले, ते थर्माकोलचे आणि पांढरेशुभ्र होते. आमच्यापैकी कुणी बर्फ पाहिलेला नव्हता. आमचा बर्फ म्हणजे मासळी बाजारातली लादी, नाहीतर गोळेवाल्याच्या रंध्यातून पडणारा चुरा.

हे आठवण्याचे कारण आमच्या सातवीच्या मुली. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, आणि हस्तकलेची प्रदर्शनेही आपोआप माझ्याच गळ्यात पडतात. २६ जुलैच्या कारगिल विजय दिनासाठी त्यांनी टायगर हिलची प्रतिकृती करायला घेतली. २०१८च्या बंदीनंतर शाळेच्या प्रदर्शनात थर्माकोल चालत नाही. म्हणून पुन्हा कापूस. चांगले चार गठ्ठे आणले होते.

मी विचारले, "लढाई कुठल्या महिन्यात झाली?"

उर्दूत 'तारीख' म्हणजे इतिहास आणि तारीख म्हणजे दिवसही. मराठीत आपण दुसराच अर्थ ठेवला, पहिला सोडून दिला. मुलींना दोन्ही ठाऊक. तरी इतिहासाचा धडा पाठ आणि त्यातला महिना मात्र डोक्यात नाही, असे झाले होते. तोलोलिंग १३ जूनला परत मिळाले, टायगर हिल ४ जुलैला. त्या काळातली छायाचित्रे शोधून फळ्याजवळ चिकटवली. डोंगर तपकिरी. सुटे दगड, उघडे कडे, बर्फ फक्त घळींत आणि सावलीच्या बाजूला.

या युद्धात बर्फ नुसता देखावा नव्हता, सगळी सुरुवातच त्याच्यामुळे झाली. हिवाळ्यात एवढ्या उंचीवर राहणे अशक्यप्राय, म्हणून दोन्ही बाजू काही चौक्या रिकाम्या करून खाली उतरत. १९९८-९९च्या हिवाळ्यात पाकिस्तानी सैन्याने त्याचाच फायदा घेतला. मे महिन्यात स्थानिक मेंढपाळांनी डोंगरावर माणसे पाहिली. जुलैपर्यंत बर्फ ओसरला होता आणि आपल्या जवानांना चढायचे होते ते उघड्या खडकावरून. झाड नाही, गवत नाही, आडोसा नाही. म्हणून हल्ले बहुतेक रात्रीचे. दारूगोळा आणि पाणी वर नेणाऱ्या हमालांत द्रास-कारगिलची गावकरी माणसे होती, त्यांतली बहुतेक मुसलमान. कापसाने सगळा डोंगर गुबगुबीत केला की ही चढण दिसतच नाही. रजईवर खेळण्यातले शिपाई ठेवल्यासारखे वाटते.

कापूस हा नकली बर्फाचा जुनाच माल. हॉलिवूडमध्येही सुरुवातीला तोच वापरत, पण दिव्यांजवळ तो पेट घेई, म्हणून अ‍ॅसबेस्टॉस आले. नाताळच्या झाडावर शिंपडायलाही ते पुड्यांतून विकत. फुप्फुसाचे रोग पुढे कळले. (तेच तंतू आपल्या कित्येक घरांवरच्या सिमेंटच्या पत्र्यांत आहेत.) रंगवलेले कॉर्नफ्लेक्सही वापरून झाले. ते पायाखाली इतके कुरकुरत, की संवाद नंतर पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागत. १९४६च्या 'इट्स अ वंडरफुल लाइफ'साठी शेवटी आग विझवण्याचा फेस आणि साबण यांचा बर्फ केला.

आमचा प्रश्न त्याहून छोटा होता, म्हणजे अक्षरशः. बाजारातला पाच सेंटीमीटरचा प्लास्टिकचा सैनिक खऱ्या माणसाच्या साधारण पस्तिसाव्या हिश्श्याचा. मुलींनी गुणाकार केला. थर्माकोलचा तीन मिलिमीटरचा मणी त्याच्यासाठी साडेदहा सेंटीमीटरचा, सोललेल्या नारळाएवढा. मिठाचा अर्ध्या मिलिमीटरचा दाणा बोराएवढी गार. शिवाय जुलैत कल्याणच्या हवेत मीठ दोन दिवसांत पाझरते. कापसाचा तंतूही त्याच्यासाठी जाड दोऱ्याएवढा. खाण्याचा सोडा बारीक असतो, पण गोंदाबरोबर तो पुढे पिवळा पडतो.

तोडगा एका मुलीच्या शेजारणीकडून आला. पांढरी रांगोळी! ती दगडाचीच पूड, पिवळी पडत नाही, पाणी धरत नाही. मलमलीतून दोनदा गाळली. आधी घळींत प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ थर दिला, कडा ओल्या ब्रशने झिजवल्या. त्यावर पाणी घातलेला फेव्हिकॉल लावून चहाच्या गाळणीतून रांगोळी भुरभुरली. सावलीच्या जागी पांढऱ्यात किंचित निळा रंग. वितळत्या कडेला नुसता फेव्हिकॉल. वाळल्यावर तो ओला चमकतो.

बराच कापूस उरला. मग कॅप्टन हनीफुद्दीन यांचा विषय निघाला. ११ राजपुताना रायफल्सचे हे तरुण अधिकारी ६ जून १९९९ रोजी तुर्तुक भागात अठरा हजार फुटांवर शहीद झाले. मरणोत्तर वीरचक्र मिळाले. गोळीबारामुळे त्यांचा देह चाळीसहून अधिक दिवस वरच राहिला. तो आणण्यासाठी दुसऱ्या आईचा मुलगा धोक्यात घालू नका, असे त्यांच्या आईने लष्कराला सांगितले होते. "तिथे तरी बर्फ असेल ना, टीचर?" एकीने विचारले. होता. मुलींनी शेजारी दुसरा, उंच सुळका केला आणि तो मात्र पूर्ण पांढरा ठेवला. कापूस तिथेही लावला नाही. रांगोळीच.

प्रदर्शन ठाण्याला होते. परीक्षकांनी तपकिरी डोंगराकडे पाहून विचारले, "हे कसलं कारगिल? बर्फ कुठे आहे?" आणि वहीत काहीतरी लिहिले. शेजारच्या टेबलावर कापसाचा डोंगर होता, त्याला दुसरे बक्षीस मिळाले. आमची मुलगी हळूच म्हणाली, "सर, चार जुलै होता." ते पुढे गेले होते. तिने गाळणी काढली, प्रवासात घळीतली थोडी रांगोळी सांडली होती, ती पुन्हा भुरभुरली.