पशुपालकांसाठी पूर्वमदत (मराठवाडा)

पशुपालकांसाठी पूर्वमदत : दुष्काळ, गारपीट, अवकाळी पाऊस, कडाक्याची थंडी अशा तीव्र हवामानाची चिन्हे दिसताच, नुकसान होण्याआधी, जनावरे पाळणाऱ्या कुटुंबांना चारा, पाणी, लस, औषधे किंवा रोख रक्कम पोचविण्याची व्यवस्था. मेलेल्या जनावरामागे मिळणारी भरपाई तीत मोडत नाही. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) हे मराठवाड्यातील आठ जिल्ह्यांचे विभागीय मुख्यालय असून टंचाईविषयक कामकाजाचा समन्वय येथून होतो. जनावरांसाठीच्या मदतीचे या भागातील सर्वांत परिचित रूप म्हणजे चारा छावणी. तिची सुरुवात मात्र बहुधा टंचाई उघड झाल्यानंतरच होते.

पशुधन व चारा : देवणी व लाल कंधारी गोवंश, उस्मानाबादी शेळी आणि दख्खनी मेंढी हे मराठवाड्यातील प्रमुख पशुधन. शेतकऱ्याची जनावरे दावणीला असतात व त्यांची भिस्त ज्वारीच्या कडब्यावर असते. कापूस, सोयाबीन यांचे क्षेत्र वाढले तसा कडबा कमी झाला. धनगर मेंढपाळांचे वाडे (एकत्र फिरणाऱ्या कुटुंबांचे गट) घोड्यांवर बिऱ्हाड लादून कळपासह फिरतात, काढणी झालेल्या शेतांत मेंढ्या बसवतात आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घेतात. शेतकऱ्याला साठवलेला चारा लागतो, तर मेंढपाळाला मोकळी जमीन व वाट. त्यामुळे दोघांची टंचाई सारखी नसते.

मदतीची योग्य वेळ : पावसाने ओढ दिली की खरिपाचा व पाठोपाठ रब्बीचा चारा घटतो, कडब्याचे भाव चढतात आणि लासूर स्टेशन, पाचोड अशा बाजारांत जनावरांची आवक वाढते. विकणारे अनेक व घेणारे थोडे असल्याने भाव कोसळतात. मार्च २०१५ पासून राज्यात बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आल्याने भाकड व थकलेली जनावरे विकण्याची वाट आणखी अरुंद झाली. विकलेली दुभती गाय पुढच्या चांगल्या पावसात त्याच भावात परत मिळत नाही. म्हणून जनावरांच्या अंगावर मांस आहे व बाजार पडलेला नाही, तोवर, म्हणजे साधारण ऑक्टोबर ते जानेवारी या काळात, दिलेला चारा सर्वाधिक उपयोगी पडतो.

शासकीय चौकट : केंद्राच्या डिसेंबर २०१६ च्या दुष्काळ संहितेनुसार महाराष्ट्राने ऑक्टोबर २०१७ मध्ये नवी कार्यपद्धती स्वीकारली. तीत पावसाची तूट ही पहिली कळ (ट्रिगर), तर वनस्पतींची स्थिती, मातीतील ओल, जलसाठे व पेरणी यांचे निर्देशांक ही दुसरी. त्यानंतर प्रत्यक्ष पाहणी होऊन दुष्काळ जाहीर होतो. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्यातील १५१ तालुक्यांत, तर ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. दुसऱ्या यादीत छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील छत्रपती संभाजीनगर व सोयगाव हे तालुके होते. २०१८ च्या टंचाईत धरणांच्या गाळपेर जमिनी चारापिकांसाठी नाममात्र एक रुपया भाड्याने देण्याचे ठरले. चाऱ्याची टंचाई तीव्र होण्याआधी चारा पिकवण्याचा हा उपाय असल्याने तो पूर्वमदतीच्या कल्पनेला सर्वांत जवळचा आहे. जायकवाडीसारख्या प्रकल्पांत उघड्या पडणाऱ्या जमिनीमुळे त्याला वाव मिळतो.

चारा छावणी : सहकारी संस्था, बाजार समित्या, साखर कारखाने व स्वयंसेवी संस्था शासनाच्या परवानगीने छावण्या चालवतात. २०१८-१९ मध्ये प्रारंभी मोठ्या जनावरामागे रोज ७० व लहान जनावरामागे ३५ रुपये अनुदान होते. मे २०१९ मध्ये ते अनुक्रमे १०० व ५० रुपये झाले. मराठवाड्यात छावण्यांची संख्या बीड जिल्ह्यात सर्वाधिक होती. त्याच उन्हाळ्यात शेळ्या-मेंढ्यांच्या छावण्यांनाही वाट मोकळी झाली. फेब्रुवारी २०१६ मध्ये बीड, लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील छावण्या बंद करण्याचा निर्णय टीकेनंतर मागे घ्यावा लागला होता. मराठवाड्याबाहेर म्हसवड (जि. सातारा) येथे माणदेशी फाउंडेशनने २०१२-१३ च्या दुष्काळात चालवलेली छावणी दीर्घ मुदतीचे उदाहरण म्हणून ओळखली जाते. छावणीत जनावरे तगतात. पण घरातील माणसांना महिनोन्‌महिने तेथेच मुक्काम करावा लागतो. जनावरांची संख्या फुगवल्याच्या तक्रारीही होतात. म्हणून ‘दावणीला चारा’ किंवा थेट खात्यात पैसे द्यावेत, अशी मागणी पुन्हा पुन्हा पुढे येते.

फिरते मेंढपाळ : डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत अवकाळी पाऊस व थंडीने पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत हजारो मेंढ्या दगावल्या. उघड्या रानात भिजलेल्या कळपाला आडोसा नव्हता. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ च्या निकषांनुसार मेलेल्या मेंढीमागे ४,००० रुपये मिळतात. मर्यादा ३० जनावरांची असते आणि त्यासाठी पंचनामा लागतो. कळप शंभरांच्या घरात असलेल्या व मुक्काम रोज बदलणाऱ्या वाड्याला हे निकष अपुरे पडतात. पूर्वमदतीचे तत्त्व मेंढीपालनाच्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेशी (२०१७) निगडित चराई अनुदानात दिसते. जून ते सप्टेंबर या काळात शेते पिकाखाली व जंगले बंद असल्याने चराईला जागा उरत नाही. त्यासाठी पात्र भटक्या मेंढपाळ कुटुंबाला दरमहा ६,००० प्रमाणे चार महिन्यांचे २४,००० रुपये देण्याची तरतूद आहे. योजना राबवणाऱ्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचे एक प्रक्षेत्र छत्रपती संभाजीनगर शहरालगत पडेगाव येथे आहे. पावसाळ्यापूर्वीची आंत्रविषाराची लस व जंतनाशक औषध हेही पूर्वमदतीचे स्वस्त साधन ठरते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला आठवड्यातून दोनदा निघतो व त्यात जनावरांविषयी सूचना असतात.

इतर देशांतील पद्धती : मंगोलियात उन्हाळ्यातील अवर्षणानंतर येणाऱ्या कडक हिवाळ्याला झुद म्हणतात. तेथे २०१७-१८ मध्ये रेड क्रॉसने जोखमीच्या नकाशावरून निवडलेल्या पशुपालकांना जनावरे मरू लागण्याआधीच रोख रक्कम व पशुऔषधे दिली. केनियातील मार्साबित भागात २०१० साली उपग्रहाने टिपलेल्या हिरवळीवर आधारित पशुविमा सुरू झाला. २०१५ पासूनच्या शासकीय कार्यक्रमात कुरणे करपल्याचे दिसताच, जनावरे मरण्याआधी, चाऱ्यासाठी पैसे मिळू लागले.

मर्यादा व शक्यता : वनस्पतींचे उपग्रहीय निर्देशांक महाराष्ट्राच्या दुष्काळ कार्यपद्धतीतही आहेत. येथे त्यांचा उपयोग दुष्काळ जाहीर करण्यासाठी होतो, तर केनियात त्यांवरून थेट रक्कम सुटते. चारा, लस आणि अनुदान यांची साधने मराठवाड्यात तयार आहेत. निर्देशांक ठरावीक पातळीखाली जाताच ती आपोआप लागू व्हावीत, असा नियम नाही. पंधराव्या वित्त आयोगानंतर राज्य आपत्ती जोखीम निधीतील २० टक्के वाटा आपत्ती सौम्यीकरणासाठी राखलेला असल्याने अशा नियमाला निधीचा आधार मिळू शकतो. फिरत्या वाड्यांची नोंद मूळ गावाच्या यादीऐवजी त्यांच्या नेहमीच्या वाटांवरील मुक्कामांनुसार ठेवणे, ही अशा नियमाची पूर्वअट आहे.